फायनान्समध्ये नोकरी लागली? स्वतःच्या डिमॅटला हात लावण्याआधी हे वाचा

चिंतामणराव कॉलेजमधून बीकॉम किंवा वालचंदमधून इंजिनिअरिंग करून पुण्यात खराडीला, नाहीतर मुंबईत बीकेसीला नोकरीला लागलेली सांगलीची बरीच मुलं-मुली मला फोन करतात. कुणी बँकेत असतं, कुणी ब्रोकरकडे, कुणी म्युच्युअल फंडात, तर कुणी परदेशी बँकेच्या बॅक ऑफिसात. सगळ्यांचा प्रश्न साधारण एकच असतो. "कॉलेजपासून डिमॅट आहे, थोडे शेअर आहेत, आता कंपनी म्हणते विचारल्याशिवाय काही घ्यायचं-विकायचं नाही. करू काय?"

मी सांगलीचाच. या क्षेत्रात बरीच वर्षं काढली आणि डिक्लरेशन, परवानग्या, तिमाही प्रमाणपत्रं या सगळ्यातून गेलो. पहिल्या दिवशी हातात पडणारी पॉलिसी लांबलचक असते, भाषा वकिली असते, आणि इंडक्शनच्या गडबडीत ती कुणी नीट वाचत नाही. मग सहा महिन्यांनी कंप्लायन्सचा, म्हणजे नियम पाळले जातात का हे बघणाऱ्या विभागाचा, मेल आला की धाबं दणाणतं. ती वेळ येऊ नये म्हणून क्रमाने सांगतो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. तुम्हाला नफा किती झाला यात कंपनीला रस नसतो. तुमच्या खुर्चीवर बसून कोणती माहिती कानावर पडू शकते आणि तुमच्याशी जोडलेल्या कोणकोणत्या खात्यांतून व्यवहार होतात, हे तिला पाहायचं असतं. 'जोडलेल्या खात्यांत' तुमचं घरही येतं. पुढे तो विषय सविस्तर घेतला आहे, कारण सगळ्यात जास्त मुलं तिथेच अडकतात.

१. आपण कुठल्या नियमाखाली येतो ते ठरवा

ऑफर लेटर आलं की एचआरला मेल करून वैयक्तिक गुंतवणुकीची पॉलिसी मागा. रुजू होण्याआधी मागितली म्हणून कुणी नाराज होत नाही.

भारतात याचा पाया म्हणजे सेबीचे, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचे, इनसायडर ट्रेडिंग (आतल्या, जाहीर न झालेल्या माहितीवरून शेअरचा व्यवहार करणं) रोखण्याचे २०१५ चे नियम. त्यांत आचारसंहितेचे दोन नमुने दिले आहेत. एक शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांसाठी आहे. दुसरा ब्रोकर, मर्चंट बँकर (कंपन्यांचे शेअर बाजारात आणून देणाऱ्या संस्था), ऑडिटर, वकील अशा, दुसऱ्यांची गोपनीय माहिती हाताळणाऱ्यांसाठी. या दोन्हींत 'डेसिग्नेटेड पर्सन' हा शब्द येतो, म्हणजे कामामुळे अशी माहिती हाती येऊ शकते म्हणून कंपनीने यादीत घातलेला माणूस. तुमचं नाव त्या यादीत आहे का, हे पहिल्याच आठवड्यात लेखी विचारून घ्या. यादीत असाल तर बंधनं कडक. नसाल तरी कंपनीची स्वतःची पॉलिसी लागू होतेच.

म्युच्युअल फंड कंपनीतल्या लोकांसाठी सेबीची वेगळी परिपत्रकं आहेत. सरकारी बँकेत असाल तर सेवा नियमांत सट्ट्याला मनाई असते आणि इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) किंवा फ्युचर्स-ऑप्शन्स (पुढच्या तारखेच्या भावावरचे सौदे) त्यात सहज बसतात. परदेशी बँकेच्या पुण्यातल्या ऑफिसात असाल तर न्यूयॉर्क-लंडनचा नियम तुम्हालाही लागतो, आणि तो बहुधा सेबीपेक्षा कडक असतो. जिथे दोन नियम लागू असतील तिथे कडक असेल तो पाळायचा.

२. खाती मोजा

रुजू होण्याआधी एक शनिवार-रविवार सांगलीला या आणि ही कागदपत्रं जमवा:

- तुमचं पॅन आणि आधार
- एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरीचं (डिमॅट शेअरची नोंद ठेवणारी संस्था) एकत्रित खाते विवरण, म्हणजे ई-कॅस. एका पॅनवरची सगळी डिमॅट खाती आणि म्युच्युअल फंड त्यात एकत्र दिसतात
- प्रत्येक डिमॅटचं क्लायंट मास्टर (खात्याच्या तपशिलाचा कागद), ब्रोकरच्या ॲपवरून पीडीएफ मिळतं
- संयुक्त खात्यांची यादी, तुम्ही दुसऱ्या नावावर असलात तरीही
- घरात हिंदू अविभक्त कुटुंबाचं पॅन असेल तर त्याचा तपशील
- कुणी तुम्हाला खातं चालवायचं अधिकारपत्र दिलं असेल तर त्याची प्रत
- परदेशी शेअरचं ॲप असेल तर त्याचं स्टेटमेंट

ई-कॅस काढल्यावर बऱ्याच जणांना विसरलेलं एखादं खातं सापडतं. कॉलेजात असताना मित्राच्या रेफरलसाठी उघडलेलं, आत एकही शेअर नसलेलं. ते बंद करा किंवा जाहीर करा. रिकामं खातंसुद्धा खातंच असतं, आणि न सांगितलेलं खातं नंतर सापडलं की 'लपवलं' असा अर्थ निघतो.

आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न म्हणजे सहकारी साखर कारखान्याचा सभासद शेअर. तो बाजारात नोंद असलेला शेअर नव्हे, त्यामुळे ट्रेडिंगच्या नियमात येत नाही. पण परदेशी कंपन्यांच्या पॉलिसीत खाजगी गुंतवणूक आणि बाहेरचे व्यावसायिक संबंध असा वेगळा रकाना असतो. सभासदत्व, पतसंस्थेचं संचालकपद, मार्केट यार्डातल्या घरच्या पेढीतली भागीदारी, हे सगळं तिथे लिहायचं.

३. घरच्यांशी बोला

नियमातली 'जवळच्या नातेवाइका'ची व्याख्या अशी आहे: नवरा किंवा बायको, आणि तुमचे वा जोडीदाराचे आई-वडील, भावंडं, मुलं. नवरा-बायको धरलेच जातात; बाकीच्यांतलं जे कुणी पैशासाठी तुमच्यावर अवलंबून आहे, किंवा शेअर घेताना-विकताना तुमचा सल्ला घेतं, ते तुमच्याबरोबर नियमात आलं.

'सल्ला घेतं' हे शब्द पुन्हा वाचा. वडील पेन्शनवर आहेत, तुमच्याकडून एक रुपया घेत नाहीत, पण दर रविवारी फोन करून "अरे, ही कंपनी बरी आहे का रे?" असं विचारतात. म्हणजे ते आले. विट्याचा मामेभाऊ या व्याख्येत नाही, पण त्याला ऑफिसातली माहिती दिली तर तो गुन्हाच. सेबीच्या नियमांत स्वतः व्यवहार करणं आणि माहिती पुरवणं या दोन्हींना बंदी आहे. अमेरिकेतलं रजत गुप्तांचं प्रकरण आठवा. २०१२ मध्ये त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्यावरचा आरोप संचालक मंडळातली माहिती दुसऱ्याला फोनवर सांगितल्याचा होता, स्वतःच्या नावावर शेअर घेतल्याचा नव्हता.

घरी हे सांगणं सोपं नसतं. एका मुलाच्या वडिलांचं बोलणं मी समोर बसून ऐकलं आहे. "माझं पॅन तुझ्या सायबाला का म्हणून द्यायचं? मी काय त्याचा नोकर हाय?" त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मी त्यांना एवढंच सांगितलं, "अण्णा, तुमचे पैसे कुणी बघत नाही. उद्या तुमच्या खात्यातनं नेमका तोच शेअर घेतला गेला ज्याचं काम तुमचा मुलगा करतोय, तर उत्तर त्याला द्यावं लागेल. नोकरी त्याची जाईल." त्यानंतर त्यांनी कपाटातनं पॅन कार्ड काढून दिलं.

डेसिग्नेटेड पर्सनला दरवर्षी आणि माहिती बदलली की लगेच जवळच्या नातेवाइकांची नावं, पॅन आणि मोबाईल नंबर कंपनीला द्यावे लागतात. ज्यांच्याशी मोठा आर्थिक व्यवहार आहे त्यांचीही माहिती मागतात. शिवाय तुम्ही कुठे शिकलात आणि आधी कुठे नोकरी केली हे एकदा सांगावं लागतं. लग्न ठरलं की ही यादी बदलते. साखरपुड्याच्या धामधुमीत ते राहून जातं, म्हणून लग्नाच्या कामांच्या यादीत 'कंप्लायन्सला कळवणे' हे आधीच लिहून ठेवा.

सांगलीत हळद-बेदाण्याचा व्यापार असलेल्या घरांसाठी एक खास सूचना. वडील किंवा काका एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदेबाजारात हळदीचे वायदे करत असतील आणि तुम्ही कमोडिटी ब्रोकरकडे किंवा बँकेच्या कमोडिटी विभागात असाल, तर ते आधी सांगा. मालाच्या भावाचं संरक्षण म्हणून केलेला वायदा ही धंद्याची गरज असते आणि कंप्लायन्सला ती समजते. पेढीचा जीएसटी नंबर, खातं कोण चालवतं आणि तुमचा त्यात हात नाही, हे एका पानावर लिहून द्या. खात्याचा ओटीपी तुमच्या मोबाईलवर येत असेल तर तो नंबर त्याच दिवशी बदला. ओटीपी तुमच्याकडे येतो म्हणजे खातं तुम्ही चालवता, असाच अर्थ काढला जातो.

४. पहिलं डिक्लरेशन

रुजू झाल्यावर आपली खाती आणि शेअर कंपनीला लेखी सांगायचे, ते हे डिक्लरेशन. त्याची मुदत कंपनीगणिक वेगळी असते, ती पॉलिसीत पाहा. आधीपासूनचे शेअर विकून या असं सहसा कुणी सांगत नाही. जे आहे ते सांगायचं आणि तसंच ठेवायचं. काही कंपन्या ठरावीक ब्रोकरकडेच खातं ठेवायला लावतात, म्हणजे व्यवहारांची माहिती त्यांच्याकडे परस्पर जाते. खातं हलवायला वेळ लागतो, तेवढ्या काळात व्यवहार करू नका.

५. प्री-क्लिअरन्स: दर वेळी, आधी

प्री-क्लिअरन्स म्हणजे व्यवहाराआधी घ्यायची परवानगी. ही रोजच्या कामातली पायरी, म्हणून जरा थांबून समजून घ्या.

पोर्टलवर फॉर्म असतो. शेअरचं नाव, घ्यायचा की विकायचा, किती नग, कुठल्या खात्यातून, आधीचा व्यवहार कधी झाला. खाली एक चौकट असते: 'माझ्याकडे या कंपनीची कोणतीही अप्रकाशित, भावावर परिणाम करणारी माहिती नाही.' हे तुमच्या सहीचं प्रतिज्ञापत्र आहे. सवयीने टिक करू नका. आपल्या टीमच्या फोल्डरमध्ये या कंपनीचं नाव कुठे आहे का, हे आधी आठवून पाहा.

मंजुरीला मुदत असते. सेबीच्या नमुना आचारसंहितेप्रमाणे जास्तीत जास्त सात ट्रेडिंग दिवस, त्यानंतर नवी परवानगी. बऱ्याच कंपन्या त्याहून कमी देतात, काही ठिकाणी तर फक्त त्याच दिवसापुरती. मंजुरी शंभर शेअरची असेल तर शंभरच. एकशे एकावा शेअर विनापरवाना ठरतो.

आता सापळे.

जीटीटी ऑर्डर, म्हणजे ठरवलेला भाव आला की आपोआप लागणारी ऑर्डर. समजा सोमवारी परवानगी मिळाली, ती बुधवारपर्यंत. शेअर ४२० रुपयांवर आहे, तुम्हाला ४०० ला हवा आहे, म्हणून जीटीटी लावून ठेवली. बुधवारपर्यंत भाव आलाच नाही आणि तुम्ही ती विसरलात. बऱ्याच ब्रोकरकडे ही ऑर्डर वर्षभर जिवंत राहते. तीन आठवड्यांनी बाजार पडला, भाव ४०० ला आला, तुम्ही स्वारगेट-सांगली बसमध्ये झोपलेले आणि इकडे सौदा झाला. परवानगी संपलेली, कदाचित कंपनी बंदीच्या यादीतही गेलेली. ही ऑर्डर मी आधीच लावली होती, हे उत्तर चालत नाही. म्हणून जीटीटी नकोच. ऑर्डर फक्त त्या दिवसापुरती लावा.

शेअरची एसआयपी आणि तयार बास्केट (दुसऱ्या कुणी निवडलेल्या शेअरचा संच). दर महिन्याला आपोआप शेअर घेणारी योजना म्हणजे दर महिन्याला नवा व्यवहार. बास्केट चालवणारा त्यातले शेअर बदलतो तेव्हा तुमच्या खात्यात एका दमात आठ-दहा सौदे होतात. नोकरीला लागायच्या आत बंद करा.

तारण. शेअर गहाण ठेवून कर्ज काढणं हाही सेबीच्या लेखी 'ट्रेडिंग'मध्ये येणारा व्यवहार आहे. बहिणीच्या लग्नासाठी बँकेत शेअर तारण ठेवायचे असतील तर आधी परवानगी. मार्जिनवर, म्हणजे ब्रोकरच्या उधारीवर, घेतलेले शेअर ब्रोकर परस्पर विकू शकतो, म्हणून ती सुविधाच बंद ठेवा.

सौदा झाला की कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरची सौद्याची पावती) त्याच संध्याकाळी पोर्टलवर चढवा. झाला नाही तर 'झाला नाही' असं कळवा. परवानगीचा मेल आणि कॉन्ट्रॅक्ट नोट एकाच फोल्डरमध्ये, तारखेप्रमाणे ठेवा. तो फोल्डर ऑफिसच्या लॅपटॉपवर नको, कारण नोकरी सोडताना लॅपटॉप परत जातो.

६. 'नाही' उत्तर आलं तर

कारण विचारू नका. ते सांगणार नाहीत, आणि सांगायचंही नसतं. मध्यस्थ संस्थांच्या आचारसंहितेत प्रतिबंधित शेअरची यादी कंप्लायन्स ऑफिसरने गोपनीय ठेवायची, असंच म्हटलं आहे.

पण नकार हीसुद्धा माहिती आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. ज्या कंपनीला गेल्या महिन्यात हो होतं तिला आज नाही, म्हणजे आत काहीतरी शिजतंय एवढा अंदाज कुणीही बांधू शकतो. जेवताना दादाला "आमच्या ऑफिसनं त्या शेअरला नाही म्हटलं" असं सहज सांगितलंत, दादाने ते मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, की पुढे काय होईल ते तुमच्या हातात राहत नाही. नकार आला की घरी एवढंच सांगा: "सध्या जमणार नाही." कंपनीचं नावसुद्धा घेऊ नका.

७. विंडो आणि उलटा व्यवहार

लिस्टेड कंपनीत डेसिग्नेटेड पर्सन असाल तर तिच्या शेअरसाठी ट्रेडिंग विंडो, म्हणजे व्यवहाराची मुभा, तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन ४८ तास उलटेपर्यंत बंद असते. म्हणजे १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर आणि १ जानेवारी या तारखांना कॅलेंडरवर लाल खूण करा. २०२२ पासून डिपॉझिटरींनी या काळात त्या शेअरपुरतं पॅन गोठवण्याची व्यवस्था टप्प्याटप्प्याने आणली आहे. पण ती यंत्रणा आहे म्हणून आपण निर्धास्त राहायचं नाही.

त्याच शेअरमध्ये उलटा व्यवहार, म्हणजे घेतला की विकणं किंवा विकला की घेणं, किमान सहा महिने करता येत नाही. केलात तर नफा सेबीच्या गुंतवणूकदार संरक्षण आणि शिक्षण निधीत जातो. इतर शेअरसाठी तुमच्या कंपनीने ३० किंवा ६० दिवसांचा होल्डिंग पीरियड (तेवढे दिवस शेअर विकायचा नाही) ठेवलेला असू शकतो. तोट्यात विकायचं असलं तरी तो पाळावा लागतो, आणि याचाच मुलांना सर्वात जास्त राग येतो. मला मात्र हा नियम पटतो. कुणाच्याही पैशांवर काम करणाऱ्या माणसाचं लक्ष दिवसभर स्वतःच्या भावावर नसावं.

यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. कॉलेजची फी, घराचं बुकिंग, आई-वडिलांचं ऑपरेशन, असला पैसा शेअरमध्ये ठेवू नका. तो एफडी किंवा लिक्विड फंडात ठेवा. खरी अडचण आलीच तर कंप्लायन्सकडे सूट मागता येते, पण लेखी कारण आणि कागद लागतात. हॉस्पिटलचं एस्टिमेट जोडा आणि पैसे लागायच्या आधी अर्ज करा.

८. बाकीचे प्रकार, थोडक्यात

आयपीओ (कंपनीची पहिली शेअर विक्री): अर्ज करण्याआधी परवानगी. मर्चंट बँकरकडे असाल तर बहुधा नाहीच. गावाकडे एसएमई, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या, आयपीओचं वेड दिसतं. वडिलांच्या, काकूच्या नावाने तुम्ही अर्ज भरून देत असाल तर तो तुमचाच अर्ज धरला जाईल.

फ्युचर्स-ऑप्शन्स: बऱ्याच ठिकाणी पूर्ण बंद. स्वतःच्या लिस्टेड कंपनीच्या शेअरवर तर विचारही नको.

म्युच्युअल फंड: ओपन-एंडेड (कधीही पैसे घालता-काढता येणाऱ्या) योजनांना बहुधा सूट असते आणि म्हणून नव्या माणसाला मी तेच सुचवतो. पण तुम्ही स्वतः म्युच्युअल फंड कंपनीत असाल तर तिच्या योजनांच्या युनिट्सवरही नोव्हेंबर २०२४ पासून इनसायडर ट्रेडिंगचे नियम लागू आहेत.

ईसॉप (कंपनीचे शेअर ठरलेल्या भावाने घ्यायचा कर्मचाऱ्याचा हक्क): विंडो बंद असतानाही ईसॉपचा हक्क बजावता येतो. मिळालेले शेअर विकायला मात्र विंडो उघडी हवी आणि परवानगीही.

दुसऱ्याचं खातं: मित्राच्या किंवा मावशीच्या नावाने आपला सौदा करायचा विचार मनात आला तर तो तिथेच थांबवा. कॉल रेकॉर्ड, बँकेतली पैशाची वाट, एकाच मोबाईलवरून झालेलं लॉगिन, यांवरून सेबी नाती जोडते. इनसायडर ट्रेडिंगचा दंड किमान १० लाख रुपये, आणि कमाल २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, जे जास्त असेल ते. तुरुंगवासाचीही तरतूद आहे. आणि ज्या मावशीने विश्वासाने खातं दिलं, नोटीस तिच्या घरीही येते.

९. चूक झालीच तर

त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात, कंप्लायन्सला मेल करा. काय झालं, कुठल्या खात्यातून, किती नग, कसं लक्षात आलं. चार ओळी पुरतात. शेअर परत विकून 'दुरुस्त' करू नका, कारण तो दुसरा विनापरवाना व्यवहार होतो आणि वर होल्डिंग पीरियडचंही उल्लंघन. स्वतःहून कळवलेल्या पहिल्या किरकोळ चुकीला बहुधा समज देऊन सोडतात. त्यांना ती ऑडिटमध्ये सापडली तर तीच चूक वेगळ्या नजरेने पाहिली जाते.

१०. प्रमाणपत्रं आणि नोकरी सोडताना

तिमाही किंवा वार्षिक प्रमाणपत्राच्या वेळी, म्हणजे जाहीर केलेलं सगळं बरोबर आहे असं लिहून देताना, नवं ई-कॅस काढून जाहीर केलेल्या यादीशी ताडून पाहा. घरच्यांचंही. तासाभराचं काम आहे, शेवटच्या दिवसावर ढकलू नका.

राजीनामा दिल्यावर नियम लगेच सुटत नाहीत. एखाद्या कंपनीशी गेल्या सहा महिन्यांत नोकरी-कामाच्या नात्याने संबंध आलेला माणूस सेबीच्या व्याख्येत 'कनेक्टेड पर्सन'च राहतो, आणि अप्रकाशित माहिती डोक्यात असेल तर ती बाहेर येईपर्यंत हात बांधलेलेच. जाताना कंप्लायन्सकडून तीन गोष्टी लेखी घ्या: तुमचं नाव डेसिग्नेटेड पर्सनच्या यादीतून कधी निघेल, तुमच्या आणि घरच्यांच्या पॅनवरची नोंद कधी निघेल, आणि कोणत्या कंपन्यांच्या शेअरपासून किती काळ लांब राहायचं. ब्रोकरकडून थेट ऑफिसला जाणारी स्टेटमेंट बंद करायचं पत्रही त्याच वेळी द्या. नव्या ठिकाणी पहिलं डिक्लरेशन भरताना हीच कागदपत्रं पुन्हा लागतात.